निशाणाची उलटी बाजू

‘संग्राहक’ या शब्दाला आपल्याकडे अलीकडे जी प्रतिष्ठा आली आहे, तिची थोडी चिकित्सा होणे अगत्याचे आहे. एक काळ असा होता की रविवारी जुन्या बाजारात फिरणाऱ्या माणसाकडे घरचे लोक कौतुक आणि त्रागा यांच्या मिश्रणाने पाहत. आता तोच माणूस महाविद्यालयांतून प्रमुख पाहुणा म्हणून येतो, ‘मी इतिहास वाचवला’ असे सांगतो, आणि समोर बसलेले आम्ही भाषेचे अध्यापक माना डोलावतो. त्याने नेमके काय वाचवले, कशापासून वाचवले आणि वाचवताना काय टाकून दिले, हे प्रश्न कोणी विचारत नाही. ते विचारण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेणार आहे. जर्मनीतील माजी सैनिकांच्या मंडळांची जुनी, भरतकाम केलेली निशाणे जमवण्याचा एक छंद आहे. युरोप-अमेरिकेत त्याचा रीतसर बाजार आहे. कऱ्हेच्या काठी बसून ऱ्हाईनकाठच्या चिंध्यांची उठाठेव कशाला, असे बारामतीच्या वाचकाला वाटेल. पण त्या छंदाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो, तोच शब्दशः आपल्या तालुक्यांत वापरला जातो. आणि परक्याच्या अंगणातला केर आधी दिसतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

प्रथम ही निशाणे म्हणजे काय ते पाहू. युद्धावरून परतलेल्या शिपायांनी गावोगाव स्थापलेल्या मंडळांची परंपरा जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. १७८६ मध्ये पोमेरानियातील वांगेरिन या गावी फ्रेडरिकच्या सैन्यातील शिपायांनी असे पहिले मंडळ काढले असे मानले जाते. या मंडळांचा मूळ हेतू अगदी साधा होता. सोबती मेला तर त्याला सन्मानाने पुरावे, खांदा द्यायला माणसे असावीत, कबरीवर बंदुकीची सलामी व्हावी. म्हणजे ही मूलतः अंत्यविधीची मंडळे. १८६४, १८६६ आणि १८७०-७१ या तीन युद्धांनंतर त्यांचे पेव फुटले, आणि प्रत्येक मंडळाला स्वतःचे निशाण हवे झाले.

हे निशाण साधारण सव्वा मीटर लांबीरुंदीचे, रेशमाचे किंवा मखमलीचे, सोनेरी-रुपेरी तारेने भरलेले असे. बहुधा एका बाजूला गरुड, ओकच्या पानांचा हार, क्रूस किंवा राजाची मुद्रा आणि देव, राजा व पितृभूमी यांच्या नावाचे घोषवाक्य. दुसऱ्या बाजूला मंडळाचे नाव, गावाचे नाव आणि स्थापनेचे वर्ष. निशाणाची प्रतिष्ठापना हा गावाचा सोहळा. चर्चमध्ये आशीर्वाद, पांढऱ्या वेषातल्या मुली, निशाणाची ‘धर्ममाता’ म्हणून मान मिळालेली एखादी स्त्री, तिने दिलेली भरजरी फीत, शेजारच्या गावांतून आलेली मंडळे. निशाणाच्या दांड्यावर धातूचे छोटे खिळे ठोकत, आणि प्रत्येक खिळ्यावर तो देणाऱ्याचे नाव कोरलेले असे. कधी शेजारच्या गावाच्या मंडळाचे, कधी एखाद्या सरदाराचे, तर कधी खुद्द कैसरचे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. कारण हे जे वर्णन केले ती वस्तू नव्हे, संहिता आहे. तिला दर्शनी पान आहे, मलपृष्ठ आहे, अर्पणपत्रिका आहे, आश्रयदात्यांची यादी आहे आणि प्रकाशनाचे वर्षही आहे. कापड, फीत, दांडा आणि खिळे हे चारही मिळून ती संहिता पूर्ण होते.

आता संग्राहक तिचे काय करतो? फिती वेगळ्या विकल्या जातात, खिळे वेगळे विकले जातात. प्रत्येकाचा गिऱ्हाईक निराळा आहे. कापडाची प्रत ठरवताना तार काळवंडली आहे का, रेशीम तडकले आहे का, एवढे पाहतात. त्या काळच्या रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्याला धातूंच्या क्षारांचे पाणी देत, त्यामुळे ते शंभर वर्षांत घडीवर तुटते. ज्याचे तुटले नाही त्याला भाव अधिक. मग ते काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचे. चौकटीत निशाण बसवले की एकच बाजू दिसते, हे सांगायला नको. गरुड खोलीकडे आणि गाव भिंतीकडे! हौशी दिवाणखान्यात गरुडाऐवजी गावाचे नाव दर्शनी ठेवणारा संग्राहक असेलही, पण त्याने आपल्या पैशांचे चीज झाले नाही असेच पाहुण्यांना वाटेल.

यावर ठरलेले उत्तर येते, आणि ते वजनदार आहे, म्हणून टाळून चालणार नाही. ‘आम्ही घेतले नसते तर कसरीने खाल्ले असते. ज्या मंडळाचे ते होते ते मंडळच उरले नाही. आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही. आम्हाला फक्त ते भरतकाम प्रिय आहे.’ यातली पहिली दोन वाक्ये बऱ्याच अंशी खरी आहेत. १९४५ नंतर विजेत्या राष्ट्रांनी ही मंडळे बरखास्त केली, अमेरिकन शिपायांनी निशाणे आठवण म्हणून घरी नेली, आणि ज्या घरांत ती गेली तेथे त्यांवरची अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती. कसरीचे म्हणणेही मान्य. माझा वाद तिसऱ्या वाक्याशी आहे. ‘आम्हाला फक्त भरतकाम प्रिय आहे’ हे वाक्य ‘आम्हाला फक्त शैली प्रिय आहे’ या आपल्या जुन्या वाक्याचे सख्खे भावंड आहे. फडके-खांडेकर यांच्या वादापासून मराठीत त्याची इतकी पारायणे झाली आहेत की आता ते निरुपद्रवी वाटू लागले आहे.

ते निरुपद्रवी नाही, हे या निशाणांच्याच आधारे दाखवता येते. प्रशियात निशाण मिरवायला राजसत्तेची परवानगी लागे. ज्या मंडळाची निष्ठा संशयास्पद त्याला निशाण नाही. समाजवादी लोकशाही पक्षाच्या माणसाला या मंडळांची दारे बंद होती. तो युद्धात लढला असला, जखमी झाला असला, तरी. म्हणजे सोबत्याला खांदा देण्यासाठी निघालेली मंडळे हळूहळू कोणाला खांदा द्यायचा नाही हे ठरवू लागली. मंडळांच्या वर्गणीतून क्यूफहॉयझर डोंगरावर १८९६ मध्ये प्रचंड स्मारक उभे राहिले, त्या नावाने १९०० मध्ये अखिल जर्मन संघ झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी त्याची सभासदसंख्या सुमारे २८ लाख होती. एवढी माणसे दर रविवारी भरजरी निशाणामागे चालत होती, आणि त्यांची मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून ते पाहत होती. १९१४ मध्ये त्या मुलांचे वय काय होते याचा हिशेब अवघड नाही.

पुढचा अध्याय त्याहून वाईट आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले, बारा हजार पडले. युद्धानंतर त्यांच्यावरच पळपुटेपणाचा आरोप होऊ लागला, तेव्हा त्यांना १९१९ मध्ये आपल्या माजी सैनिकांची स्वतंत्र संघटना काढावी लागली. १९३३ नंतर जुन्या संघाने नव्या सत्तेशी जुळवून घेतले. १९३८ मध्ये त्याचे नावही बदलून नात्सी वळणाचे झाले, त्याच वर्षी ज्यू सैनिकांची संघटना संपवण्यात आली, आणि १९४३ मध्ये उपयोग सरल्यावर हा संघही मोडीत निघाला. या साऱ्या काळात निशाणांचे भरतकाम तसेच सुंदर होते. त्याच्या एका टाक्यातही फरक पडला नव्हता. म्हणून ‘फक्त भरतकाम’ या भूमिकेतून पाहणाऱ्याला १८७२ आणि १९३८ यांतला फरक दिसणे तत्त्वतःच अशक्य आहे.

येथे एक साहित्यिक पुरावा देतो, कारण या पानाचे वाचक त्याचीच किंमत करतील. लुडविग ऊलांड या कवीने १८०९ मध्ये सोबत्याच्या मृत्यूवर एक छोटी कविता लिहिली. पुढे तिला चाल लागली आणि जर्मनीत सैनिकांच्या अंत्यविधीला ती आजही वाजवतात. तिच्यातला सर्वांत विदारक क्षण असा, की मरणारा सोबती हात पुढे करतो आणि बोलणारा शिपाई तो हातात घेऊ शकत नाही. त्याला बंदूक भरायची आहे. अनेक निशाणांवर हाच विषय भरलेला दिसतो, मरणारा शिपाई आणि त्याचा सोबती. पण कशिद्यात सोबत्याने त्याला हळुवार कवेत घेतलेले असते! कवितेने जे नाकारले ते रेशमाने बहाल केले. निशाणाने कवितेचा केलेला हा पाठभेद आहे, आणि तो निरागस नाही. त्याच्यामागे गावाची एक गरज आहे. आपला मुलगा एकटा मेला नाही, असे आईला सांगण्याची. त्याच्यामागे राज्याचीही एक गरज आहे. पुढच्या मुलाला पाठवण्याची. दोन्ही गरजा एकाच टाक्यात बसलेल्या आहेत आणि त्या उकलणे हे वाचकाचे काम आहे. टाका शाबूत आहे की नाही एवढेच पाहणाऱ्याचे ते नव्हे.

पदपथावर मराठी अनुवादातले हिटलरचे आत्मचरित्र ‘प्रेरणादायी’ पुस्तकांच्या राशीत विकले जाते, त्या देशात हे स्पष्टपणे बोललेले बरे. आपल्या विद्यार्थ्याला गणवेश आवडतो, गरुड आवडतो, शिस्त आवडते. त्याला निशाणाची मागची बाजू दाखवणारे कोणी भेटत नाही.

आता आपल्याकडे वळू.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास आली. ही वाघनखे शिवाजी महाराजांचीच आहेत असे सिद्ध झालेले नाही, हे ज्या संग्रहालयाने दिली त्याचेच म्हणणे; पण मिरवणुकीच्या ताशात ते ऐकू आले नाही. तलवार परत आली याचा मला आनंद आहे. माझा प्रश्न एवढाच, की तिची उलटी बाजू कोणी पाहिली का? ती पाहायला लंडनला जावे लागत नाही. थोरले बाजीराव १७४० मध्ये वारले तेव्हा पेशवेपद त्यांच्या मुलाकडे न जाता बारामतीच्या बाबूजी नाईकांकडे जावे यासाठी याच रघूजींनी जोर लावला होता. नाईक हे सावकार. खुद्द बाजीराव त्यांचे ऋणको होते, आणि बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. म्हणजे अटकेपार वगैरे ज्या तलवारींच्या गोष्टी आपण सांगतो त्यांच्या मागे बारामतीच्या वाड्यातल्या खतावण्या होत्या. त्याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी बारामतीत आपली आर्याभारतादी ग्रंथरचना केली. तलवार, कर्ज आणि आर्या हे एकाच वस्त्राचे तीन पदर आहेत. आपण तलवार विकत घेतली. मोरोपंत अभ्यासक्रमातून जवळजवळ गेले. आणि कर्जाविषयी बोलणे पराक्रमाच्या गोष्टीत अप्रशस्त मानले जाते.

जरीपटक्याचेही असेच. मराठी ऐतिहासिक कादंबरीत हा शब्द आला की वाचकाच्या अंगावर रोमांच उभे राहावेत अशी अपेक्षा असते, आणि ते राहतातही. परंतु जरीपटका हे कोणाच्या तरी हातात असलेले कापड होते, याची जाणीव त्या कादंबऱ्यांत क्वचित आढळते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत जरीपटका ज्यांच्याकडे होता ते मोरोपंत दीक्षित (हे मोरोपंत निराळे) रणांगणावर पडले. समोर इंग्रजांच्या बाजूला त्यांचा स्नेही मेजर फोर्ड होता. लढाईपूर्वी दोघांनी एकमेकांना वचन दिले होते, की ज्याची बाजू जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळावे. ग्रँट डफने हे नोंदवून ठेवले आहे. शत्रूच्या इतिहासकाराने निशाण धरणाऱ्याची गोष्ट लिहावी आणि आपण केवळ जरीचे वर्णन करावे, यातील विपर्यास लक्षात यावा.

पण मुख्य प्रश्न असा, की जर्मन गावांप्रमाणे आपल्याकडे साध्या शिपायांची मंडळे नव्हती काय? होती. निदान एक तरी अशी होती जिच्यापुढे क्यूफहॉयझरचे स्मारक खुजे वाटावे. गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी आपल्यासारख्याच पेन्शनर महार शिपायांना घेऊन ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ काढली. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ मध्ये सरकारला उद्देशून एक विनंतिपत्र तयार केले. आम्ही लढलो आहोत, आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, आम्हाला पुन्हा घ्या. आजच्या वाचकाला त्यातील काही युक्तिवाद अवघड वाटतील, क्षत्रियत्वाचा तर खासच. पण हेही माजी सैनिकांचे मंडळच होते, आणि त्याचे निशाण म्हणजे हे विनंतिपत्र. त्यावर सोनेरी तार नव्हती. ज्या काळात जर्मन गावातला पेन्शनर शिपाई राजाच्या परवानगीने गरुड मिरवत होता, त्याच काळात दापोलीतला पेन्शनर शिपाई राजसत्तेला लेखी जाब विचारत होता. संग्राहकाच्या बाजारात यांपैकी एकालाच किंमत आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकानेही तोच भाव मान्य करावा, याला मी दिवाळखोरी म्हणतो. दलित साहित्याचा इतिहास शिकवताना आपण वलंगकरांचे नाव एका वाक्यात घेऊन पुढे जातो. ते निवृत्त हवालदार होते, हा तपशील त्यांच्या गद्याची घडण समजण्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे सांगत नाही. अर्ज लिहिण्याची, क्रमाने मुद्दे मांडण्याची, वरिष्ठाला उद्देशून पण न वाकता बोलण्याची ती भाषा छावणीत घडलेली आहे.

कोरेगावच्या स्तंभाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने तो स्वतःच्या विजयाचे स्मारक म्हणून उभारला. त्यावर पडलेल्या शिपायांची जी ४९ नावे कोरली, त्यांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. शतकभर ती नावे दगडात होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले आणि त्या नावांचे वाचन बदलले. कंपनीने आपल्यासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच समाजाने आपल्यासाठी वाचला. त्या वाचनाशी कोणी सहमत असो वा नसो, ते घडू शकले याची दोन कारणे होती. नावे शाबूत होती, आणि स्तंभ जागेवर होता. तोच स्तंभ कोणा संग्राहकाने उपटून एखाद्या दिवाणखान्यात नेला असता, तर आज आपल्याकडे ‘एकोणिसाव्या शतकातील उत्कृष्ट दगडकामाचा नमुना’ उरला असता.

या तुलनेत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहाव्यात. या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतकी कामास आली. बस्स. आकडे आहेत, नावे नाहीत. जर्मन निशाणाच्या एका खिळ्यावर जेवढी माणुसकी आहे तेवढीही या पाटीवर नाही. एक पितळी खिळा देणारा शेजारचा गाव नावानिशी उरतो, आणि मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी राहिलेला शिपाई ‘पैकी पाच’ म्हणून उरतो. तरीही या पाट्या चावडीच्या भिंतीत असतात तोवर काही अर्थ राखून असतात, कारण त्या पाचांची घरे गावाला माहीत असतात किंवा निदान विचारता येतात. भिंत पाडली, पाटी भंगारात गेली, की आकडाही जातो.

आमच्या दोन तालुक्यांत रेशमी निशाणे नाहीत. पण जे गावाने आपल्या पडलेल्या माणसांसाठी केले, अशा वस्तू भरपूर आहेत. इंदापूर हे मालोजीराजांचे गाव. त्यांची गढी सर्वांना दाखवली जाते. पण त्या काळच्या आणि त्याच्याही पूर्वीच्या बिननावाच्या शिपायांची स्मारके म्हणजे वीरगळ. खालच्या पट्टीत लढाई, बहुधा गुरे वाचवताना. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. रचना पाहिलीत तर जर्मन निशाणाची आणि हिची जात एकच आहे. येथेही मरणाचे सांत्वन आहे, येथेही पुढच्या मुलाला दिलेले निमंत्रण आहे. फरक एवढाच की आपल्याकडे नाव बहुधा कोरलेले नाही. ते गावाच्या तोंडी होते. वर्गात मी वीरगळ म्हणजे काय विचारले तर हात वर येत नाहीत. देवळापुढे शेंदूर लावलेला, घोड्यावरचा माणूस कोरलेला दगड तुमच्या गावात आहे का, असे विचारले की निम्मा वर्ग बोलू लागतो. कोणी त्याला म्हसोबा म्हणतो, कोणी नुसताच ‘वीर’ म्हणतो, कोणी सांगतो की लग्नाआधी तिथे नारळ फोडतात. ही माहिती म्हणजे त्या दगडाच्या दांड्यावरचे खिळे. दगड उचलून नेणाऱ्याला ती नेता येत नाही, आणि ती नेता येत नाही याचे त्याला दुःखही नसते.

इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. माणसे वर सरकली, पळसनाथाचे देऊळ पाण्यात राहिले. दुष्काळी वर्षी पाणी फार उतरले की ते उघडे पडते आणि आवारातले वीरगळ व सतीशिळा चिखलातून वर येतात. मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, होडीने पर्यटक जातात, शिल्पकलेचे कौतुक होते. हे सारे वर आले की एखादा उत्साही गृहस्थ हटकून म्हणतो, की हे दगड इथे कुजण्यापेक्षा कोणीतरी नेऊन नीट ठेवावेत. कसरीचा युक्तिवाद तो हाच. त्याला माझे उत्तर असे, की न्यायचेच असतील तर वर सरकलेल्या पळसदेवात न्या. आणि नेण्यापूर्वी ज्या म्हाताऱ्या माणसांनी ते जागेवर पाहिले आहेत त्यांच्याकडून कोणता दगड कोणाचा, कोणत्या घराचा, हे लिहून घ्या. दगड पाण्यात आणखी शंभर वर्षे टिकेल. ती माणसे टिकणार नाहीत.

हे काम कसे करावे याचा धडा एका जर्मन माणसानेच आपल्याला घालून दिला आहे, ही या विषयातील गमतीची बाजू. गुंथर सोन्थायमर हे पुण्यात येऊन राहिले, मराठी शिकले, धनगरांमागे माळरानांवर फिरले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या. शेट्टर यांच्यासह स्मृतिशिळांवरचा मोठा ग्रंथ १९८२ मध्ये संपादित केला. तेही संग्राहकच होते. पण त्यांनी ओवी आणली तेव्हा ती कोणी गायली, कोठे गायली, कोणत्या प्रसंगी गायली, हे तिच्यासोबत आणले. आणि दगड होता तिथेच ठेवला. आपल्याकडे राजवाड्यांनी याच वृत्तीने दप्तरे धुंडाळली आणि मिळालेली साधने बावीस खंडांत छापून सर्वांसाठी मोकळी केली. दिनकर केळकरांचे संग्रहालय पुण्यात आहे. अडकित्ते, दिवे, वेण्याफण्या जमवणारा तो माणूस ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत असे. संग्राहक मात्रच त्याज्य असे मी म्हणत नाही, हे यावरून ध्यानात यावे. माझा आक्षेप वस्तू जवळ बाळगण्याला नसून तिला मुकी करून बाळगण्याला आहे.

निशाणांपासून निघालो, म्हणून आमच्याकडच्या निशाणांविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते. काटेवाडीत परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीत गोल रिंगण, आणि त्यात पताकाधारी वारकरी धावतात. शेकडो पताका, कावेच्या रंगाच्या, साध्या सुती कापडाच्या. यांतली एकही पताका कोणी जमवत नाही. तिच्यावर तार नाही, तारीख नाही, गरुड नाही. विटली की बदलतात. तरी ती परंपरा कोणत्याही चौकटीतल्या रेशमापेक्षा अधिक शाबूत आहे, कारण पताका कोणाची, हे धावणाऱ्याला ठाऊक आहे. याचा अर्थ जुने कापड जपू नये असा कोणी काढील तर तो वाह्यातपणा होईल. जर्मन गावांतही काही ठिकाणी, विशेषतः बव्हेरियात, जुनी निशाणे आजही गावाच्याच ताब्यात आहेत, दुरुस्त करून घेतली जातात आणि सणाला बाहेर निघतात. तेथे वाऱ्यावर दोन्ही बाजू दिसतात.

आमच्या भागातील मराठी आणि इतिहास विभागांकडे माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक गावाची एक वही करावी. वीरगळ किती, कोठे, कोणत्या दिशेला तोंड करून. गाव त्याला काय म्हणते. नैवेद्य कोणाच्या घरचा. महायुद्धाची पाटी होती का, असल्यास आकडा काय, त्या आकड्यातली घरे कोणती. कोणाकडे आजोबांचे पदक, बिल्ला, पेन्शनचे पुस्तक आहे का. वस्तू मागू नये, उचलू नये, फक्त लिहून घ्यावे, आणि लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. ज्याला कोणाला हे ‘साहित्य’ वाटत नाही त्याने वलंगकरांचा अर्ज पुन्हा एकदा वाचावा. उजनीचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत उतरलेले असते, आणि तोपर्यंत परीक्षाही बहुतेक आटोपलेल्या असतात.